फुलपाखरू (दूरचित्रवाणी मालिका)

‘झी युवा’ वाहिनीवरील मराठी मालिका (२०१७–१९). कविता करणारा मानस (यशोमान आपटे) आणि वैदेही (हृता दुर्गुळे) यांचे कॉलेजमधील प्रेम हा तिचा गाभा. चोरून भेटणे, रुसवेफुगवे, घरी कळेल ही धास्ती यांत मालिका खरी रंगते. लग्नानंतरचा भाग त्या मानाने नेहमीच्या कौटुंबिक वळणाचा आहे. अमेरिकी किशोर-मालिकांत स्पर्धा आणि हेवेदावे पुढे असतात, इथे आईवडिलांचा होकार-नकार जास्त निर्णायक ठरतो. ‘दुर्वा’ या आधीच्या मालिकेनंतर हृता दुर्गुळे यांना तरुण प्रेक्षकांत खरी लोकप्रियता ‘फुलपाखरू’नेच दिली.