जुन्या डिजिटल कॅमेऱ्याचे वय कसे वाचावे? : बेल प्रयोगशाळा ते गुहागर

ऑक्टोबर २००५ मध्ये सोनी कंपनीला एक अप्रिय कबुली द्यावी लागली. ऑक्टोबर २००२ ते मार्च २००४ या काळात तिने तयार केलेल्या काही सीसीडी सेन्सरमध्ये दोष निघाला होता. आतील सूक्ष्म जोडण्या सुटत, आत ओलावा शिरे आणि एके दिवशी कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्राऐवजी जांभळट विद्रूप पट्टे, नाहीतर निव्वळ काळोख दिसू लागे. हे सेन्सर केवळ सोनीच्या कॅमेऱ्यांत नव्हते. कॅनन, निकॉन, फुजी, कोनिका मिनोल्टा या प्रतिस्पर्ध्यांनीही तेच विकत घेतले होते, त्यामुळे एकामागून एक कंपन्यांना विनामूल्य दुरुस्तीची घोषणा करावी लागली. कॅननचा त्या काळी लोकप्रिय असलेला पॉवरशॉट ए७० याच यादीत होता.

हा दोष उष्ण व दमट हवेत अधिक संभवतो, असे तेव्हा सांगितले गेले. थंड, कोरड्या देशातील ग्राहकाने हे वाक्य वाचून पान उलटले असेल. गुहागरात मात्र ते मे ते ऑक्टोबरपर्यंतच्या हवामानाचे वर्णन ठरते. ज्या रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, जिथे सुरूबनातून येणारा खारा वारा लोखंडी कडीलाही सोडत नाही, तिथे वापरलेला डिजिटल कॅमेरा घेताना पहिला प्रश्न ‘किती मेगापिक्सेल?’ हा नसतो. तो ‘कोणत्या साली घडला?’ हा असतो.

हे साल इतके निर्णायक का ठरते, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

सीसीडीची कल्पना १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी मांडली. त्याबद्दलचे नोबेल त्यांना थेट २००९ मध्ये मिळाले. डिसेंबर १९७५ मध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने सीसीडी वापरून पहिला स्वयंपूर्ण डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन सुमारे साडेतीन किलो, चित्र १०० बाय १०० ठिपक्यांचे, आणि ते कॅसेटवर नोंदवायला २३ सेकंद. कोडॅकचे उत्पन्न फिल्मवर चालत होते, तेव्हा या यंत्राचे कौतुक कितपत झाले असेल याची कल्पना करता येते. जानेवारी २०१२ मध्ये त्याच कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला.

पुढची घसरगुंडी किमतीची आहे. १९९१ मध्ये निकॉन एफ३च्या धडावर बेतलेला कोडॅकचा डीसीएस आला तेव्हा त्याची किंमत सुमारे २०,००० डॉलर होती आणि चित्रे साठवणारी पेटी छायाचित्रकाराला खांद्यावर वाहावी लागे. १९९९ चा निकॉन डी१ सुमारे ५,००० डॉलरला मिळे. ऑगस्ट २००३ मध्ये कॅननचा ३००डी हजार डॉलरच्या आत आला, पाठोपाठ २००४ मध्ये निकॉन डी७०. बारा-तेरा वर्षांत किंमत विसावा हिस्सा झाली. फिल्मचा उत्तम कॅमेरा वीस-वीस वर्षे मान राखून असे. डिजिटल कॅमेरा मात्र दोन-तीन वर्षांत ‘जुना’ ठरू लागला, आणि ठरला की विकला जाऊ लागला. वापरलेल्या डिजिटल कॅमेऱ्यांचा बाजार बिघाडातून जन्मला नाही. चांगल्या चालत्या यंत्रांना अकाली म्हातारे ठरवण्याच्या या वेगातून तो जन्मला. मुंबईत फोर्टातील बोरा बाजाराच्या दुकानांत एका छायाचित्रकाराची काल नकोशी झालेली वस्तू दुसऱ्याची पहिली कमाईची वस्तू होते, ती त्यामुळेच.

वापरलेल्या यंत्रांची परंपरा आपल्याकडे डिजिटलपेक्षा पुष्कळ जुनी आहे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी इंग्लंडच्या रायली ब्रदर्सकडून २१ गिनींना चलच्चित्राचा कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनवर कुस्ती चित्रित केली. ती फिल्म धुण्यासाठी सातासमुद्रापार धाडावी लागली. पुढे त्यांनी आपले चित्रणाचे साहित्य विकून टाकले आणि ते चित्रपटगृहाच्या व्यवस्थापनाकडे वळले. यंत्र महाग होतेच, पण त्याहून जाच होता तो प्रत्येक चित्रामागे पुन्हा लागणाऱ्या खर्चाचा. डिजिटलने ही दुसरी किंमत जवळजवळ शून्यावर आणली, आणि वापरलेल्या डिजिटलने पहिलीही खाली आणली.

गुहागर तालुक्यापुरते बोलायचे तर हा बदल एका परिचित कालखंडावर अचूक बसतो. अंजनवेलच्या परिसरातील एन्रॉनच्या दाभोळ वीजप्रकल्पाचा करार डिसेंबर १९९३ मधला. त्याविरुद्धची आंदोलने, १९९९ मधील वीजनिर्मितीचा आरंभ आणि २००१ मधील बंद पडणे हे सारे फिल्मच्या युगात घडले. एका रोलमध्ये ३६ चित्रे, आणि प्रत्येक चित्र धुण्या-छापण्याच्या पैशांत मोजलेले. प्रकल्प २००६ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नावाने पुन्हा चालू झाला, तोवर छायाचित्रणाचे जग पालटले होते. ज्या गावाचे चित्र काढायचे, त्याच गावातील हातांत कॅमेरा येण्याची शक्यता तेव्हा निर्माण झाली. शिमग्याची पालखी, नमन, गोपाळगडाची तटबंदी, धोपाव्याची फेरी यांची नोंद ठेवायला आता बाहेरच्या माणसाची वाट पाहावी लागत नव्हती. मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्याच्या पिशवीतला कुणाचा तरी जुना कॅमेराही त्याला पुरेसा होता.

अर्थात तो कॅमेरा चालता असला पाहिजे. इथे इतिहास हाताशी असला तर पैसे वाचतात.

२००२ ते २००४ या काळातला छोटा कॅमेरा असेल तर तो दुरुस्ती-यादीतला आहे का, हे पाहावे. विनामूल्य दुरुस्तीचे दिवस केव्हाच सरले. कार्डाचा प्रकारही काळ सांगतो. ऑलिंपस आणि फुजीने २००२ मध्ये आणलेले एक्सडी कार्ड आज शोधावे लागते. कॉम्पॅक्टफ्लॅश मात्र जुने असूनही मिळते. एसडी कार्डाचा मोठ्या क्षमतेचा प्रकार, एसडीएचसी, २००६ मध्ये आला. त्यापूर्वीच्या अनेक कॅमेऱ्यांना २ जीबीहून मोठे कार्ड ओळखताच येत नाही, आणि ‘कॅमेरा बिघडला’ असे समजून तो कवडीमोलाने विकला जातो. जाणकाराला हा लाभच म्हणायचा.

लेन्सचा इतिहास वेगळ्या गतीने चालतो. निकॉनचा एफ माउंट १९५९ चा, कॅननचा ईएफ १९८७ चा. त्यामुळे धड स्वस्त होत गेले तरी चांगल्या लेन्सने भाव राखला. कोनिका मिनोल्टाने मार्च २००६ मध्ये कॅमेऱ्यांचा व्यवसाय सोडला, पण १९८५ पासूनच्या मिनोल्टा ऑटोफोकस लेन्स सोनीच्या ए-माउंट कॅमेऱ्यांवर बसतात, म्हणून त्या पोरक्या झाल्या नाहीत. एक सापळाही आहे. निकॉन डी७० मध्ये लेन्स फिरवणारी मोटर धडातच आहे, तर २००६ च्या डी४० मध्ये ती नाही. स्वतःची मोटर नसलेली जुनी लेन्स डी४०वर बसते खरी, पण फोकस हाताने करावा लागतो.

कोकणात लेन्सचा खरा शत्रू बुरशी. लेन्सच्या मागून टॉर्चचा झोत टाकून पुढून पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर किंमत कितीही गोड असो, हात आखडता घ्यावा. बुरशीला दमटपणा आणि अंधार प्रिय, म्हणून पावसाळाभर कपाटात, त्यातही चामडी केसमध्ये बंद ठेवलेली लेन्स अधिक धोक्यात असते. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवण्याचा घरगुती उपाय धूळ आणि पीठ आत नेतो. त्यापेक्षा हवाबंद डबा आणि सिलिका जेल बरे. धडाची तपासणीही सोपी आहे. लेन्सवर टोपी लावून दीर्घ एक्स्पोजर दिले की सदोष ‘हॉट’ ठिपके उजळून दिसतात, आणि एफ/२२ ला आकाश टिपले की सेन्सरवरची धूळ उघडी पडते. निकॉनच्या डीएसएलआरच्या फायलीत शटर किती वेळा चालले याचा आकडा सहसा असतो. तो विक्रेत्याच्या ‘फारसा वापरलेला नाही’ या शब्दापेक्षा विश्वासार्ह.

अलीकडे सीसीडीच्या ‘फिल्मसारख्या’ रंगांचे मोठे वेड आहे. त्यात तथ्य थोडे, गतकालाची ओढ अधिक. रंग घडवण्यात सेन्सरवरची गाळणी आणि कॅमेऱ्यातील संस्करण यांचा वाटा मोठा असतो. मोबाइलने बाजार गिळल्याचे आकडे मात्र निर्विवाद आहेत. २०१० मध्ये जगभर सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले, २०२० मध्ये ही संख्या ९० लाखांच्याही खाली आली. म्हणजे आज माळ्यावर पडलेल्या छोट्या कॅमेऱ्यांची जागा घेणारे नवे कॅमेरे फारसे घडतच नाहीत.

जुना कॅमेरा घरी आल्यावर पहिले काम तारीख लावण्याचे. आतल्या घड्याळाची छोटी बॅटरी संपली असेल तर मुख्य बॅटरी काढताच अनेक कॅमेरे कारखान्यात ठरवलेल्या कुठल्यातरी वर्षाच्या १ जानेवारीवर परततात आणि प्रत्येक चित्रावर तीच तारीख कोरतात. फाल्गुनातली पालखी जानेवारीत निघते, आषाढातला पूर जानेवारीत येतो. वीस वर्षांनी ती चित्रे चाळणाऱ्याला मग पालखीवरची फुले, घाटावरचे पाणी आणि माणसांच्या अंगावरचे कपडे पाहून महिना ताडावा लागतो.