अमेरिकेत तत्त्वज्ञानाची पीएच.डी. : अर्ज करण्यापूर्वी

तत्त्वज्ञानात एम.ए. करणाऱ्या काही विद्यार्थ्यांना पुढील संशोधनासाठी अमेरिकन विद्यापीठांचे आकर्षण असते. अभियांत्रिकी किंवा व्यवस्थापनाच्या परदेशी प्रवेशांसाठी शहरोशहरी मार्गदर्शन केंद्रे आहेत. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला मात्र बहुतेक वाट स्वतःच शोधावी लागते. येथील प्रवेश परीक्षेतील गुणांपेक्षा विद्यार्थ्याच्या लेखनावर अधिक अवलंबून असतो, हे त्याने आरंभीच लक्षात घ्यायला हवे.

वेळापत्रक

अमेरिकेतील शैक्षणिक वर्ष ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होते. त्यासाठीच्या अर्जांची मुदत आदल्या डिसेंबरच्या आरंभापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत संपते. निर्णय साधारणतः फेब्रुवारी-मार्चमध्ये कळतात. आर्थिक साहाय्यासह आलेला प्रस्ताव स्वीकारण्यासाठी बहुतेक विद्यापीठे १५ एप्रिलपर्यंत अवधी देतात. प्रतीक्षायादीतील अनेकांचे भवितव्य त्याच सुमारास ठरते. म्हणजेच प्रत्यक्ष प्रवेशाच्या किमान दीड वर्ष आधी तयारीला लागणे श्रेयस्कर.

निबंध हाच अर्जाचा कणा

अर्जासोबत साधारण पंधरा ते वीस पानांचा तत्त्वज्ञानविषयक निबंध जोडावा लागतो. नामांकित विभागांकडे दरवर्षी दोनशे-तीनशे अर्ज येतात आणि जागा असतात जेमतेम पाच ते आठ. प्राथमिक चाळणीनंतर उरलेल्या अर्जांची निवड करताना प्राध्यापक हा निबंध बारकाईने वाचतात.

आपल्याकडील विद्यार्थी नेमका येथे मागे पडतो. एखाद्या विचारवंताची मते क्रमाने मांडावीत, अखेरीस दोन आक्षेप नोंदवावेत, ही आपल्या परीक्षांची रीत. प्रवेश समितीला हवा असतो एकच नेमका प्रश्न, त्यावरील स्वतःची भूमिका आणि तिच्यावरील सर्वांत बलवान आक्षेपाला दिलेले उत्तर. ‘न्यायदर्शनातील ज्ञानविचार’ हा विषय पाठ्यपुस्तकाचा झाला. ‘स्मृती यथार्थ असूनही नैयायिक तिला प्रमा का मानत नाहीत आणि ती कारणे टिकतात का?’ हा निबंधाचा विषय होऊ शकतो. दोन-तीन जाणकारांकडून वाचून घेऊन निबंध अनेकदा नव्याने लिहिणे अपेक्षित असते.

शिफारसपत्रे आणि उद्देशपत्र

सहसा तीन शिफारसपत्रे लागतात. प्राध्यापकांच्या पदापेक्षा त्यांनी विद्यार्थ्याचे लेखन वाचले आहे की नाही, याला महत्त्व असते. ‘कष्टाळू, विनयशील, नियमित उपस्थिती’ एवढेच सांगणाऱ्या पत्राचा उपयोग होत नाही. प्राध्यापकांना दोन महिने आधी विनंती करावी व सोबत निबंध द्यावा. पत्रे ते स्वतः परस्पर पाठवतात; शक्यतो विद्यापीठाच्या अधिकृत ई-मेलवरून पाठवण्यास सांगावे.

उद्देशपत्र एक-दोन पानांचे असते. ‘लहानपणापासून जीवनाचा अर्थ शोधण्याची ओढ होती’ अशा प्रस्तावनेपेक्षा कोणत्या प्रश्नावर काम करायचे आहे आणि त्या विभागातील कोणाच्या कामाशी ते जुळते, हे सरळ सांगावे.

परीक्षा व पात्रता

२०२० नंतर अनेक तत्त्वज्ञान विभागांनी जीआरईची अट काढून टाकली. इंग्रजीसाठी टोफेल किंवा आयईएलटीएस बहुतेक ठिकाणी लागते. शिक्षण इंग्रजी माध्यमातून झाले असल्यास काही विद्यापीठे सूट देतात. तीन वर्षांची बी.ए. काही विद्यापीठांना अपुरी वाटते, जोडीला एम.ए. असल्यास ही अडचण सहसा येत नाही.

विभागांची निवड

ब्रायन लायटर यांनी १९८९ मध्ये सुरू केलेला ‘फिलॉसॉफिकल गोर्मे रिपोर्ट’ विभागांच्या क्रमवारीसाठी प्रसिद्ध आहे. तो प्रामुख्याने विश्लेषक परंपरेचा आरसा आहे, हे ध्यानात ठेवून पाहावा. भारतीय किंवा तौलनिक तत्त्वज्ञानासाठी होनोलुलू येथील हवाई विद्यापीठाचा जुना लौकिक आहे. पायाभूत तयारी कमी वाटत असल्यास टफ्ट्स, जॉर्जिया स्टेट, नॉर्दर्न इलिनॉय यांसारख्या विद्यापीठांतील दोन वर्षांचा एम.ए. हा पीएच.डी.कडे नेणारा मार्ग ठरू शकतो. मात्र तेथील आर्थिक साहाय्य सर्वत्र सारखे नसते.

पैशाचा प्रश्न

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र असला, तरी तत्त्वज्ञ जॉन ड्युई यांच्या अध्यापनाचा ठसा त्यांच्यावर कायमचा उमटला. आज पीएच.डी.च्या विद्यार्थ्याचा भार सहसा विद्यापीठच उचलते. शुल्कमाफी आणि अध्यापन साहाय्याच्या मोबदल्यात साधारण पाच वर्षे विद्यावेतन, अशी ही व्यवस्था आहे. प्रवेश मिळाला पण साहाय्य नाही, असे पत्र आल्यास कर्ज काढून जाऊ नये, हाच जाणत्यांचा सल्ला असतो. एम.ए.साठी कर्जशिष्यवृत्ती हवी असल्यास १८९२ मध्ये स्थापन झालेल्या जे. एन. टाटा एंडोमेंटचा विचार करता येतो.

प्रत्येक अर्जाचे शुल्क बहुधा ७५ ते १२५ डॉलर असते. दहा अर्जांचा हिशेब लाखाच्या घरात सहज जातो. त्यामुळे शुल्कमाफीची विचारणा मुदतीपूर्वी करावी. २०२५ मध्ये काही अमेरिकन विद्यापीठांनी मानव्यविद्यांतील पीएच.डी.चे प्रवेश कमी केले किंवा तात्पुरते थांबवले. म्हणून शुल्क भरण्याआधी विभाग त्या वर्षी प्रवेश देणार आहे का, याची खात्री करावी.

पदवीनंतर

पीएच.डी.ला पाच ते सात वर्षे लागतात आणि त्यानंतर कायमस्वरूपी अध्यापकपद मिळेलच, याची शाश्वती नाही. अनेक विभाग आपले विद्यार्थी पुढे कोठे रुजू झाले याची यादी प्रसिद्ध करतात. क्रमवारीइतक्याच काळजीने ती यादी वाचावी. नोकरी मिळाली नाही तरी ही वर्षे वाया गेली असे वाटणार नाही, असे ज्याला मनापासून म्हणता येईल, त्याने अर्ज जरूर करावा.