इराणची सौगात

प्रवासाहून परत येतांना घरच्या माणसांसाठीं कांहीं ना कांहीं घेऊन येण्याची चाल सर्व देशांत आहे. इराणांत अशा वस्तूला ‘सौगात’ म्हणतात, आणि हा शब्द आपल्या कानांना परका नाहीं. फारसींत याच अर्थाचा दुसरा एक शब्द आहे, ‘रह-आवर्द’. म्हणजे वाटेनें आणलेलें. हा शब्द मला फार अर्थपूर्ण वाटतो. वाटेला दोन टोंकें असतात. एका टोंकाला ती वस्तु करणारा कारागीर बसलेला असतो, दुसऱ्या टोंकाला ती जेथें नांदावयाची तें घर असतें, आणि या दोहोंच्या मधें प्रवासी असतो. या मधल्या माणसाकडे इतिहासकारांचें लक्ष सहसा जात नाहीं. परंतु इराणच्या हस्तकलांचा गेल्या चारशें वर्षांचा वृत्तांत पाहिला, तर कारागिराच्या हाताइतकाच घेणाऱ्याचा हातहि त्या घडवीत आला आहे असें दिसून येतें. कधीं त्यानें कला तगविली, तर कधीं बिघडविली.

इराणी कारागिरीच्या परिभाषेशीं आपला परिचय जुना आहे. शिवछत्रपतींनीं राज्यव्यवहारकोश करवून कारभारांतील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. तरीहि गालिचा, मिना, नक्षी, कारागीर हे शब्द मराठी जिभेवर राहिलेच. आपण आकाशाच्या एका छटेला पिरोजी म्हणतों, ती इराणांतील निशापूरच्या खाणींनीं जगप्रसिद्ध केलेल्या रत्नाची छटा. शिवशाहींतील अठरा कारखाने आपण वाचलेले आहेत. तो ‘कारखाना’ शब्दहि तिकडचाच, आणि त्याच्यापासूनच आपली कथा सुरू होते.

पहिला शाह अब्बास यानें १५९८ सालीं आपली राजधानी काझवीनहून इस्फहानला नेली. तेथें त्यानें नक्श-ए-जहान नांवाचा विस्तीर्ण चौक आंखला. एका बाजूस मशीद, एका बाजूस राजवाडा आणि उत्तरेस बाजाराचें महाद्वार, अशी त्याची रचना आहे. देवालय, सिंहासन आणि दुकान एकाच चौकांत समोरासमोर आणणाऱ्या या राजाला व्यापाराचें महत्त्व पुरतें कळलें होतें. त्याच्या आश्रयाखालीं राजकीय कारखाने भरभराटले. पुढें सतराव्या शतकांत जां शार्दां नांवाचा फ्रेंच जवाहिऱ्या इराणांत राहून गेला. त्यानें या कारखान्यांचें सविस्तर वर्णन लिहून ठेविलें आहे.

हा माल परदेशीं कसा जाई याचें एक उदाहरण सांगतों. १६०१ सालीं पोलंडचा राजा तिसरा सिगिस्मुंड यानें सेफेर मुरातोविच नांवाच्या एका आर्मेनियन व्यापाऱ्यास इराणांत पाठविलें. मुरातोविचनें काशान शहरीं राहून राजासाठीं रेशमी व जरतारी गालिचे विणवून घेतले. पुढें पावणेतीन शतकें लोटलीं. १८७८ सालीं पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनांत एका पोलिश सरदार घराण्यानें आपल्या संग्रहांतले अशाच जातीचे गालिचे मांडले. पाहणाऱ्यांना ते पोलंडांतच विणलेले वाटले, आणि त्या सबंध जातीला ‘पोलोनेझ’, म्हणजे पोलंडचे गालिचे, असें नांव पडलें. पुढें ती चूक उमगली. पण नांव आजतागायत चिकटलेलें आहे. घेणाऱ्याचें नांव उरलें आणि विणणाऱ्याचें हरपलें! वस्तूबरोबर तिच्या जन्माची हकीकत आणली नाहीं, म्हणजे काय होतें हें यावरून ध्यानांत येईल.

याच्या उलट असा एक प्रसंग एकोणिसाव्या शतकांत घडला. विलायतेचा हिंदुस्थानाशीं तारेनें संबंध जोडणारी लाइन इराणांतून जात असे. तिच्या इराणी विभागाचा प्रमुख रॉबर्ट मर्डोक स्मिथ नांवाचा एक स्कॉटिश इंजिनियर होता. १८७३ पासून त्यानें लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयासाठीं इराणी वस्तु जमविण्यास आरंभ केला, आणि १८७६ सालीं त्या वस्तूंचें प्रदर्शन लंडनांत भरलें. त्यानें केवळ जुन्या वस्तु घेतल्या असत्या तर त्यांत विशेष कांहीं नव्हतें. तेहरानांत त्या वेळीं उस्ताद अली मुहम्मद इस्फहानी नांवाचा चकचकीत रंगीत लाद्या करणारा एक निष्णात कारागीर होता. या लाद्यांना इराणांत काशान शहरावरून ‘काशी’ म्हणतात. स्मिथनें त्याला नवें काम दिलें. इतकेंच नव्हे, तर माती कशी कालवावी, रंग कसे सिद्ध करावे, भट्टी कशी लावावी, हें सर्व त्याच्याकडून लिहून घेतलें. तो लेख १८८८ सालीं इंग्रजींत प्रसिद्ध झाला. अली मुहम्मद आपल्या कामावर आपलें नांव घाली; म्हणून आज तें काम पाहणाऱ्याला करणाऱ्याचा परिचय होतो. जाणत्या गिऱ्हाइकानें कलेला केवढा आधार मिळतो, याचें हें प्रमाण होय.

परंतु गिऱ्हाइकाचा हव्यास कलेला कापूनहि काढतो. अर्दबील येथें शेख सफी यांचा दर्गा आहे. तेथें दोन जोडीचे गालिचे होते. त्यांवर ‘मकसूद काशानी’ हें नांव आणि हिजरी सन ९४६, म्हणजे इ. स. १५३९-४०, विणलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते विकले गेले. दोन्ही झिजलेले होते. विलायतेच्या व्यापाऱ्यांना एक सबंध गालिचा दाखवावयाचा होता. म्हणून एकाचे तुकडे कापून दुसऱ्याला ठिगळें लाविलीं. अशा रीतीनें पुरा केलेला गालिचा १८९३ सालीं साउथ केन्सिंग्टन संग्रहालयानें २,००० पौंडांस विकत घेतला. सुमारें साडेचौतीस फूट लांब आणि साडेसतरा फूट रुंद असा हा गालिचा जगांतील थोर कलाकृतींत गणला जातो. त्याचा कांठ गमावलेला, आंखूड झालेला भाऊ आतां अमेरिकेंत लॉस एंजेलिस येथील संग्रहालयांत आहे. जो पहिल्याकडे पाहून थक्क होतो, त्यानें दुसऱ्याचीहि आठवण ठेवावी.

त्याच सुमारास आणखी एक संकट आलें. १८५६ सालीं पर्किन या इंग्रज रसायनज्ञानें डांबरापासून जांभळा रंग काढला, आणि लौकरच असले स्वस्त रासायनिक रंग पूर्वेच्या बाजारांत पसरले. मंजिष्ठाच्या मुळांचा तांबडा, निळीचा निळा, डाळिंबाच्या सालीचा पिवळा, हे रंग सिद्ध करावयास दिवस लागत. पुडींतला रंग घटकेंत तयार होई. पण तो उन्हानें विटे व पाण्यानें पसरे. नासिरुद्दीन शाहानें या रंगांवर बंदी घातली. परंतु स्वस्त मालाची मागणी बाहेर असतांना राजाज्ञा कितीशी पुरणार? इकडे मँचेस्टरच्या झीग्लर कंपनीनें सुलतानाबाद, म्हणजे आजचें अराक, येथें ठाणें देऊन विलायती दिवाणखान्यांच्या मापाचे आणि तिकडच्या रुचीचे गालिचे विणवून घेण्यास सुरुवात केली. त्यानें हजारों हातांना काम मिळालें, हें खरें. पण विणणाऱ्याच्या मनांतल्या नक्षीच्या जागीं कागदावरची नक्षी आली, हेंहि खरें.

असो. हा इतिहास ध्यानीं घेतल्यावर, आज इराणी वस्तु निवडणारानें काय पाहावें?

प्रथम गालिचा. त्याची परीक्षा उलट्या बाजूनें करावी. हातमागावरच्या गालिच्याची नक्षी मागल्या बाजूसहि स्पष्ट उमटलेली असते, आणि झालर ही ताण्याच्याच सुतांची असते. मागाहून शिवलेली नसते. लव बोटांनीं दुभंगून मुळाशीं पाहावें; टोंकाला रंग उडालेला आणि मुळाशीं भडक, असें दिसलें तर तो रंग कच्चा समजावा. ओला पांढरा रुमाल घांसला असतां त्यावर रंग उतरूं नये. एकाच रंगांत कोठें फिकी, कोठें गडद अशी पट्टी दिसली, तर मात्र तो दोष समजूं नये. लोकर थोडथोडी रंगविल्याची ती खूण असून इराणी लोक तिला ‘अब्रश’ म्हणतात. दोष आहे तो ‘जुफ्ती’ गांठीचा. दोन सुतांवर मारावयाची गांठ चार सुतांवर मारिली कीं श्रम निम्मे होतात आणि गालिच्याचें आयुष्यहि उणावतें. ज्याला मोठा गालिचा परवडत नाहीं त्यानें खोटा मोठा गालिचा घेऊं नये. बिनलवेचा ‘गिलीम’, किंवा फार्स प्रांतांतील भटक्या कश्काई बायकांनीं विणलेली जाड ‘गब्बे’, यांचा लहानसा खरा तुकडा घ्यावा. फार्स आणि काशान येथील गालिचे विणण्याची विद्या २०१० सालीं युनेस्कोनें मानवजातीच्या अमूर्त वारशांत नोंदविली आहे. काशानला ही विद्या मुली आईपासून आणि आजीपासून शिकतात.

इस्फहानची ‘कलमकार’, म्हणजे ठशांची छीट, ही प्रवाशाला सर्वांत सोयीची. तिला वजन थोडें, किंमत बेताची, आणि ती घरांत रोज वापरतां येते. पेअरच्या लांकडांत कोरलेले ठसे एकेका रंगासाठीं निराळे असतात. काळा, तांबडा, निळा आणि पिवळा हे त्यांतले मुख्य रंग. ठसा जेथें ठशाला मिळतो तेथें डोळ्यांना किंचित् सांधा दिसतो. तोच हाताचा पुरावा. जेथें मुळींच सांधा नाहीं तेथें यंत्र आहे असें समजावें. या छिटांचें आपल्या दक्षिणेशीं जुनें नातें आहे. सतराव्या शतकांत गोवळकोंड्याच्या राज्यांतून मच्छलीपट्टण बंदरावाटे कलमकारी कापड इराणांत जात असे. यझदच्या ‘तिरमे’ वस्त्रावर जी वांकड्या शेंड्याची नक्षी असते, ती पाहून तर आपल्याकडील कोणतीहि गृहिणी चटकन् म्हणेल, ही तर आमची कोयरी!

शिराझचें ‘खातम’ काम हें असेंच ओळखीचें निघेल. निरनिराळ्या रंगांच्या लांकडाच्या, हाडाच्या आणि पितळेच्या तीनधारी बारीक काड्या एकत्र चिकटवून त्यांची जुडी बांधतात, आणि तिचे पातळ काप काढून पेटीवर बसवितात; त्यांतून तारकांची नक्षी उमटते. ही कला शिराझहून सिंधमार्गें गुजरातेंत व मुंबईंत आली, अशी परंपरा आहे. एकोणिसाव्या शतकांत ‘मुंबईच्या पेट्या’ म्हणून विलायतेस जात, त्या याच कामाच्या. खातम घेतांना तारकांच्या कडा जुळलेल्या आहेत कीं नाहींत, मधें भेगा आहेत काय, आणि पितळेची रेघ खरोखरीची आहे कीं छापलेल्या कागदाची, हें पाहावें. जुन्या पेट्यांत हस्तिदंत असे. हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९० पासून बंदी आहे. म्हणून उंटाच्या हाडाच्या नव्या पेटींतच समाधान मानावें.

धातुकामांत दोन प्रकार विशेष. ‘कलमझनी’ म्हणजे तांब्यापितळेवर छिन्नी-हातोडीनें केलेलें कोरीव काम. भांडें हादरूं नये म्हणून कारागीर त्याच्या पोटांत डामराचा लगदा भरतो आणि मग ठोके घालतो. हातच्या कामांत दोन पानें हुबेहुब सारखीं कधींच नसतात. दुसरा प्रकार मिन्याचा. तांब्यावर पांढऱ्या लेपाचे थर भट्टींत पक्के करून त्यावर रंगांनीं चित्रण करतात व तें पुन्हां भाजतात. न भाजतां नुसता रंग फासलेल्या नकला पुष्कळ असतात. त्यांचा रंग नखानें खरवडतो.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगितली पाहिजे. कोणी आडबाजूला नेऊन ‘ही फार पुरातन वस्तु आहे’ असें म्हणूं लागला, तर तेथून पाय काढावा. वस्तु खोटी असेल तर आपण फसतों. खरी असेल तर एखाद्या थडग्याची किंवा दर्ग्याची चोरी आपल्या पेटींत येते. पुरातन वस्तूंच्या रक्षणाचा कायदा इराणनें १९३० सालींच केला. अर्दबीलच्या कापलेल्या गालिच्याची कथा ऐकल्यावर त्याची आवश्यकता निराळी सांगावयास नको.

श्रोतेहो, आज या कारागिरांचे दिवस सुखाचे नाहींत. अमेरिकेनें २०१० सालीं आणि पुन्हां २०१८ सालीं इराणी गालिच्यांना आपली बाजारपेठ बंद केली. यंत्रावरचा माल तर घरोघर पोंचला आहे. अशा वेळीं दुकानांत उभ्या असलेल्या एका साध्या प्रवाशाची निवड अगदींच क्षुल्लक नसते. पोलंडच्या राजाला जें सुचलें नाहीं आणि तारखात्यांतील एका इंजिनियराला जें सुचलें, तें आपणहि करूं शकतों. वस्तूची किंमत विचारण्यापूर्वीं ती कोणत्या गांवची, कोणाच्या हातची, आणि ती करावयास किती दिवस लागले, हें विचारावें. दुकानदाराला तें सांगतां आलें, तर तें एका चिठ्ठीवर लिहून वस्तूबरोबर ठेवावें. नातवंडें ती पेटी उघडतील तेव्हां त्यांना वस्तूबरोबर माणूसहि भेटेल. वाटेनें आणलेलें तें सारें घरीं पोंचलें, असें मग म्हणतां येईल.