खेळाडू थांबतो तिथून पुढे

1980 साली श्टुटगार्टने वीस वर्षांचा एक स्ट्रायकर घेतला. नाव योआखिम ल्योव. हंगाम सुरू होण्याआधीच लिव्हरपूलविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात त्याच्या नडगीचं हाड मोडलं. पाय जुळला, पण पूर्वीचा वेग परत आला नाही. पुढे दुसऱ्या श्रेणीतल्या फ्रायबुर्गसाठी त्याने 80हून अधिक गोल केले. सीनियर राष्ट्रीय संघाची जर्सी मात्र कधीच मिळाली नाही.

त्याच पिढीतले रूडी फ्योलर आणि युर्गन क्लिन्समन हे 1990चे विश्वविजेते स्ट्रायकर. फ्योलर 2000 साली आणि क्लिन्समन 2004 साली थेट जर्मनीचे प्रशिक्षक झाले. त्याआधी दोघांनीही कुठला क्लब सांभाळला नव्हता. नाव मोठं, म्हणून खुर्ची समोर आली. ल्योव लांबच्या वाटेने गेला. श्टुटगार्टला 1997चा जर्मन कप जिंकून दिला. मग तुर्कस्तान, ऑस्ट्रिया. इन्सब्रुकला 2002मध्ये लीग जिंकून दिली, तर क्लबच दिवाळखोरीत निघाला! 2004मध्ये क्लिन्समनचा सहायक, 2006मध्ये मुख्य प्रशिक्षक आणि 2014मध्ये विश्वविजेता.

ही गोष्ट मी सांगतोय, कारण तिची एक आवृत्ती आपल्या मुंबईतही घडली आहे.

खालिद जमील. जन्म कुवेतचा, 1977चा. तो स्ट्रायकर नव्हे, मिडफिल्डर. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया असे मुंबईचे संघ खेळला, भारताकडूनही खेळला. पण दुखापतींनी कारकीर्द कुरतडली. शेवटची वर्षं मुंबई एफसीत गेली आणि 2009मध्ये त्याच क्लबचा तो प्रशिक्षक झाला. पुढची सात वर्षं पैसा कमी, नावाजलेले खेळाडू कमी, आणि दर हंगामात एकच काम : संघ खालच्या श्रेणीत जाऊ द्यायचा नाही. त्याने तो जाऊ दिला नाही. अशा कामाचे व्हिडिओ व्हायरल होत नाहीत.

2016मध्ये तो मुंबई सोडून मिझोरामच्या ऐजॉल एफसीत गेला. हा क्लब आदल्या हंगामात खाली घसरला होता. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली म्हणून आय-लीगमध्ये त्याची जागा वाचली. मुंबई एफसीतल्या जयेश राणेसारख्यांना खालिदने सोबत घेतलं. एप्रिल 2017मध्ये घरच्या मैदानावर मोहन बागानला 1-0 हरवलं, शेवटच्या सामन्यात शिलाँग लाजाँगशी 1-1 बरोबरी केली आणि ऐजॉल चॅम्पियन झालं. ऐजॉलचे गुण 37, बागानचे 36. देशाची लीग जिंकणारा ईशान्येचा हा पहिलाच क्लब. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला जाऊन बाहेर पडलं.

यानंतर दारं उघडली असं वाटेल. तसं झालं नाही. ईस्ट बंगाल आणि मोहन बागान, दोन्हीकडे मुक्काम छोटाच ठरला. आयएसएलमध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणजे परदेशी माणूस, हे जवळपास ठरलेलंच होतं. 2021मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडने हंगामाच्या मध्यात त्याच्याकडे तात्पुरता संघ दिला आणि त्याने तो प्लेऑफमध्ये नेला. तेव्हा कुठे तो आयएसएलमधला पहिला कायम भारतीय मुख्य प्रशिक्षक झाला. मग जमशेदपूर. ऑगस्ट 2025मध्ये भारताचा संघ. सॅव्हिओ मेडेरा या गोमंतकीयानंतर तब्बल तेरा वर्षांनी त्या जागी भारतीय माणूस बसला.

सुरुवात गोड झाली. काफा नेशन्स कपमध्ये ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा क्रमांक. पण ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून 1-2 हार झाली आणि 2027च्या आशिया कपचा रस्ता बंद झाला. लगेच सूर निघाला, ‘बघा, देशी प्रशिक्षकाचं हे असं!’ मला हा सूर मान्य नाही. परदेशी प्रशिक्षक हरला तर तो एकटा हरतो. आपला हरला की सगळ्या देशी प्रशिक्षकांचा निकाल लागतो. हा कुठला न्याय?

मी पेठचा. नाशिकहून सावळघाट, कोटंबी घाट ओलांडून इथे यावं लागतं. इथली पोरं डोंगर चढताना दमत नाहीत. चॅम्पियन्स लीगही मोबाइलवर बघतात. पण दिवाळी झाली की कितीतरी घरं द्राक्षांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे जातात, आणि खेळ तिथेच तुटतो. एखादं पोर स्टार होईल म्हणून वाट बघत बसलो, तर बसूनच राहू. त्यापेक्षा खेळ सुटलेल्या एखाद्याने एआयएफएफचा डी लायसन्स करावा. प्रशिक्षणाची ती पहिली पायरी. आणि मग त्याने इथल्याच वीस पोरांबरोबर सात वर्षं टिकावं.

विश्वचषक, आय-लीग ही फार पुढची गोष्ट. मुंबईतली ती बिननावाची सात वर्षं मात्र पेठमध्येही काढता येतात.