विषाणू शोधताना प्रोसेसर दमतो कशाने?

मध्यंतरी एका शाळेच्या संगणक कक्षात जाण्याचा योग आला. तेथल्या बाईंची तक्रार होती, "ऐन तासाला विषाणूंची तपासणी सुरू होते. प्रोसेसरचा वापर नव्वद टक्क्यांच्या वर जातो आणि मुलांचे माउस जागचे हलत नाहीत. शेवटी मी ती तपासणीच बंद करून टाकली." दहा जुने संगणक आणि मुलांच्या खिशातून येणारे पेन ड्राइव्ह! हे धोक्याचे आहे हे बाईंनाही ठाऊक होते. पण त्यांचा प्रश्न रास्त होता. नुसत्या फायली वाचायच्या तर एवढे श्रम कशाला? हा आज्ञावली लिहिणाऱ्यांचा गलथानपणा तर नव्हे?

थोडा असेलही. पण मुख्य कारण या शोधाच्या इतिहासात सापडते.

१९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' हा आयबीएम पीसीवर पसरलेला पहिला विषाणू मानला जातो. तो फ्लॉपीच्या अगदी पहिल्या कप्प्यात ठाण मांडून बसे. हा कप्पा अवघा ५१२ बाइटांचा. पुढे फायलींना चिकटणारे विषाणू आले, तरी शोधाची रीत सोपीच होती. विषाणूच्या शरीरातील काही बाइटांची ठरावीक मालिका, म्हणजे त्याची खूण, टिपून ठेवायची आणि फायलीत ती सापडते का ते पाहायचे.

खुणा दहा असतील तोवर ठीक. दहा हजार झाल्या तर? प्रत्येक खुणेसाठी फाईल पहिल्यापासून वाचायची म्हटले तर दिवस पुरणार नाही. यावरचा उपाय विषाणूंच्या आधीच तयार होता, आणि तोही ग्रंथसूचीतील शब्द शोधण्यासाठी! अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत आल्फ्रेड एहो आणि मार्गारेट कोरासिक यांनी तो १९७५ साली प्रसिद्ध केला. त्यातली युक्ती फळ्यावर सहज दाखवता येईल. समजा आपल्याला 'कमल' आणि 'मलम' हे दोन शब्द शोधायचे आहेत आणि समोर अक्षरे आहेत क-म-ल-म. तिसऱ्या अक्षरावर 'कमल' सापडला. आता मागे जाऊन पुन्हा वाचायची गरज नाही, कारण नुकतीच वाचलेली 'म-ल' ही अक्षरे म्हणजेच 'मलम'ची सुरुवात, हे आपण आधीच नोंदवून ठेवले आहे. पुढचा 'म' आला की दुसराही शब्द हाती लागतो. एका वाचनात सगळ्या खुणांचा शोध! खुणा वाढल्या तर स्मृती जास्त लागते, वाचनाचा वेळ मात्र फारसा वाढत नाही. आजही अनेक विषाणू-शोधक ही पद्धत वापरतात.

गोष्ट येथेच थांबली असती तर बाईंची तक्रार उद्भवलीच नसती. पण १९८७च्या सुमारास 'कॅस्केड' आला. पडद्यावरची अक्षरे पावसासारखी खाली ओघळवणारा हा विषाणू आपले बहुतेक शरीर कूटलिपीत ठेवी. मात्र ती लिपी उलगडणारा छोटा तुकडा उघडाच असे, म्हणून तो पकडला जाई. १९९० साली '१२६०' नावाच्या विषाणूने हा तुकडाही प्रत्येक प्रतीत वेगळ्या रूपात मांडला. आता खूण म्हणून धरायची कशाला?

शोधकांनी मग वेगळा मार्ग धरला. संशयित आज्ञावली खऱ्या यंत्रावर न चालवता एका लटक्या यंत्रावर चालवायची. हे लटके यंत्र म्हणजेही एक आज्ञावलीच. विषाणूने त्यात आपली कूटलिपी स्वतःच्या हाताने उलगडली की आतली जुनी खूण दिसते. युक्ती सुंदर, पण महाग. लटक्या यंत्रातली एक आज्ञा वाचून तिचा अर्थ लावायचा आणि परिणाम नोंदवायचा, यासाठी खऱ्या प्रोसेसरला कितीतरी आज्ञा पार पाडाव्या लागतात. विषाणू लिहिणाऱ्यांनाही हे कळले. ते सुरुवातीलाच लाखो फेऱ्यांची निरर्थक आवर्तने घालू लागले, म्हणजे शोधक कंटाळून सोडून देईल!

त्याने किती वेळ पाहत राहावे? याला नेमके उत्तर नाही, आणि का नाही हे फ्रेड कोहेन यांनी १९८४ सालीच दाखवले होते. ते लिओनार्ड एडलमन यांचे विद्यार्थी; 'विषाणू' हे नाव एडलमन यांनीच सुचवले. कोहेन यांचा युक्तिवाद असा. समजा, कधीही न चुकणारा शोधक कोणी बनवला. मग मी अशी आज्ञावली लिहितो, जी आधी स्वतःलाच त्या शोधकासमोर उभी करते. तो म्हणाला 'विषाणू', तर गप्प बसते. म्हणाला 'विषाणू नव्हे', तर पसरते. दोन्हीकडून शोधक खोटा ठरतो. अॅलन ट्युरिंग यांनी १९३६ साली दाखवलेल्या मर्यादेचेच हे भावंड. म्हणून प्रत्येक शोधक कोठेतरी थांबतो. लवकर थांबला तर विषाणू निसटतात, उशिरा थांबला तर प्रोसेसर दमतो.

आणखी एक कारण अगदीच साधे आहे. १९९०च्या दशकात हार्ड डिस्क घरघरत राही आणि प्रोसेसर माहितीची वाट पाहत बसे. सॉलिड स्टेट साठवण आल्यावर माहिती इतक्या वेगाने येते की प्रोसेसरला उसंतच मिळत नाही. वापराचा आकडा फुगतो, पण कामही लवकर उरकते. दाबून बांधलेल्या झिप फायली सोडवण्याचे श्रम वेगळेच.

बाईंना मी विंडोजमधील सोय दाखवली. त्याच्या स्वतःच्या विषाणू-शोधकात ठरावीक वेळच्या तपासणीने प्रोसेसरचा सरासरी किती भाग वापरावा हे सांगता येते. आपण काही न बदलल्यास तो आकडा ५० टक्के असतो. बाईंनी तो २० केला आणि तपासणी शनिवारी, अर्धी शाळा सुटल्यानंतरच्या वेळेला लावली. फाईल उघडताना होणारी तपासणी मात्र पुन्हा सुरू केली. पेन ड्राइव्हवरचे मोठे चित्र उघडायला मुलांना आता जरा थांबावे लागते.