टिचकीचं कूळ

दिल्लीला कस्तुरबा गांधी मार्गावरच्या नव्या महाराष्ट्र सदनात उतरलो होतो. पहाटेच धाकट्या भावाचा फोन आला, "दादा, तांबडी धापा टाकतीय." मी म्हटलं, "तिला उठवू नकोस. लांब उभा राहून घड्याळ लाव आणि कूस मोज." निवांत बसलेल्या मोठ्या गाईची कूस मिनिटाला साधारण १५ ते ३० वेळा हलते. तांबडीची साठ भरली. डॉक्टरांनी येऊन छातीला नळी लावली, न्यूमोनिया ओळखला आणि गाय वाचली.

त्या नळीचं कूळ दारूच्या पिंपापाशी सापडतं. ऑस्ट्रियात ग्राझला लिओपोल्ड आउएनब्रुगरचे वडील खानावळ चालवत. पिंप कुठवर भरलंय ते ठोकून कळतं. आपण नाही का मडकं वाजवून घेत! मुलगा व्हिएन्नात डॉक्टर झाला आणि रोग्यांच्या छातीवर बोटांनी ठोकू लागला. हवा खेळती असेल तर छाती पोकळ वाजते, पाणी साचलं असेल तर बद्द. १७६१ साली त्याने हे छापलं, पण फार कुणी मनावर घेतलं नाही. १८०८ मध्ये नेपोलियनचे वैद्य कोर्विझार यांनी ते पुस्तक फ्रेंचमध्ये आणलं. त्यांचाच शिष्य लाएनेक. १८१६ साली एका तरुण स्त्रीच्या छातीला कान लावणं त्याला प्रशस्त वाटेना, म्हणून त्याने कागदाची सुरळी करून तिच्यातून ऐकलं. पुढे सुरळीची लाकडी नळी झाली.

मला वाटतं, माणसापेक्षा मुक्या जनावरालाच या नळीची गरज जास्त. गाईचं फुफ्फुस बरंचसं खांद्याआड असतं आणि डावीकडे पोटाची गुरगुर मध्ये येते. त्यासाठी कान तयार व्हावा लागतो. मुंबईत परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात हे शिक्षण १८८६ पासून मिळतं आहे. बेल्जियममधल्या लूव्हेन विद्यापीठाने तर डुकरांचा खोकला ओळखायला संगणकाला शिकवलं. शेडमध्ये माइक टांगला की तो रात्रंदिवस ऐकत राहतो.

आपल्याकडे अजून माणसाचाच कान आहे. घटसर्पात गळा सुजतो, घरघर गोठ्याबाहेर ऐकू येते आणि तोवर बहुधा उशीर झालेला असतो. पावसाळ्याआधी लस टोचून घ्या. रोज मिनिटभर कूस मोजा आणि वेग वाढलेला दिसला तर पशुवैद्यकीय मदतीचा १९६२ हा नंबर लावा.