होज पाइप, मोटार एंजिनाचे

मोटार एंजिन व रेडिएटर, तसेच एंजिन व गाडीतील हीटर यांच्या दरम्यान पाणी नेणाऱ्या लवचीक रबरी नळ्यांना होज पाइप म्हणतात. एंजिन चालताना हादरते, तर रेडिएटर व हीटर गाडीच्या सांगाड्याला पक्के बसविलेले असतात. त्यांना जोडणारी नळी ताठ असल्यास ती तडकते.

कार्ल बेंट्स यांच्या १८८६ मधील तीनचाकी गाडीचे एंजिन पाण्याची वाफ होऊन थंड राही व त्यात वारंवार पाणी घालावे लागे. व्हिल्हेल्म मायबाख यांनी १९००–०१ मध्ये मर्सेडीस गाडीसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर तयार केला. त्यामुळे थोडेच पाणी पुन्हापुन्हा फिरवून भागू लागले. नळीचे टोक स्क्रूने आवळणाऱ्या क्लिपचे एकस्व (पेटंट) ब्रिटिश नौदलातील निवृत्त अधिकारी लमली रॉबिन्सन यांना १९२१ मध्ये मिळाले. थंड देशांत पुढे हेच गरम पाणी गाडीतील हवा उबदार करण्यासाठी वापरले जाऊ लागले व हीटरच्या दोन नळ्यांची भर पडली. एकीतून गरम पाणी हीटरकडे जाते व दुसरीतून ते पंपाकडे परतते.

मराठवाडा ज्या हैदराबाद संस्थानात होता, तेथे निजामाच्या रेल्वेने १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी मोटार वाहतूक सुरू केली. मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला आणि तेथील सरकारी बस वाहतूक १९६१ मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात विलीन झाली. नांदेड व लातूर भागांत मे महिन्यात तापमान ४०° से.च्या वर जाते. तेथे हीटरची गरज थोडी. खरी चिंता एंजिन तापण्याची असते. गाडीत हीटर नसल्यास एंजिनावरील त्याची तोंडे बुचाने बंद करतात किंवा एकाच नळीने परस्परांना जोडतात. हीटर असल्यास एंजिन तापताच तो पूर्ण चालू केल्याने थोडी उष्णता बाहेर पडते; ऊब देणारे साधन येथे छोट्या रेडिएटरचे काम करते.

दुसरी अडचण पाण्याची. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. कूपनलिकेचे जड पाणी एंजिनात वापरल्यास क्षारांचे थर साचून मार्ग अरुंद होतात, एंजिन तापते व जुनी नळी फुटते. म्हणून ऊर्ध्वपातित पाणी व शीतक द्रव यांचे मिश्रण वापरणे हिताचे असते.

नळी काढण्यापूर्वी एंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडल्यास उकळते पाणी उसळून अंग भाजते. मग पाणी भांड्यात काढून क्लिप सैल करावी व नळी हलकेच पिळून सोडवावी. ती चिकटली असल्यास ओढू नये, कारण हीटरची पातळ तोटी मोडते. त्याऐवजी नळी लांबीत चिरावी. तोटी स्वच्छ करून, क्लिप आधी नव्या नळीवर सरकवून, नळी तोटीच्या उंचवट्यापलीकडे चढवावी व क्लिप त्या उंचवट्यामागे आवळावी. हीटरची झडप उघडी ठेवून पाणी भरल्यास अडकलेली हवा निघून जाते. शीतकातील ग्लायकॉल गोडसर पण विषारी असल्याने तो जमिनीवर सांडू देऊ नये. जनावरे तो पितात व दगावतात.